ट्रॅक्टरची ओढ मोजायचं मीटर चुकीचं दाखवतंय? नवीन लोड सेल घ्यायच्या आधी एवढं तपासा

उन्हाळी नांगरटीचे दिवस आले की माझ्याकडे हे काम ठरलेलं. कधी नांगर-कल्टिव्हेटर बनवणारा वर्कशॉपवाला येतो, कधी कृषी अभियांत्रिकीची पोरं प्रोजेक्टचं मीटर घेऊन येतात, आणि पहिलं वाक्य एकच असतं, "दादा, लोड सेल गेलाय, नवीन केवढ्याला बसेल?" (लोड सेल म्हणजे ओढीचा ताण विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा धातूचा तुकडा.) मी मूळचा वजनकाटे दुरुस्त करणारा, ही ओढ मोजायची मीटरं त्याच पोटात येतात कारण आत सामान तेच असतं, आणि माझ्या हातून जेवढी गेली त्यातल्या बहुतेकांचा लोड सेल ठणठणीत होता. गेलेलं असतं ते कनेक्टर, केबल, बॅटरी, नाहीतर शॅकलची (यू आकाराच्या पिनवाल्या कडीची) जोडणीच चुकलेली असते. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

मी कुठल्या मीटरबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. एस आकाराचा लोड सेल, २ किंवा ५ टनाचा, दोन्ही टोकांना शॅकल, चार वायरची केबल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारा डबा. वापरायची पद्धत बहुतेक ठिकाणी दोन ट्रॅक्टरची. मागच्या ट्रॅक्टरला अवजार जोडलेलं, तो न्यूट्रलमध्ये, पुढचा ट्रॅक्टर साखळीनं त्याला ओढतो आणि मधे हा सेल. एकदा अवजार जमिनीत घालून रीडिंग घ्यायचं, एकदा त्याच जमिनीवर अवजार उचलून घ्यायचं, वजाबाकी केली की अवजाराची ओढ मिळते. स्प्रिंगचं किंवा ऑइल भरलेलं घड्याळवालं जुनं मीटर असेल तर खालचं वायरिंगचं सोडा, पण जोडणीचं आणि वजन टांगून बघायचं त्यालाही लागू आहे.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते ठरवा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी.

- काहीच न ओढता आकडा हळूहळू सरकत राहतो, झिरो टिकत नाही.
- ट्रॅक्टर बंद असताना ठीक, इंजिन चालू केलं की आकडा नाचतो.
- केबल हलवली की आकडा उडतो, किंवा डिस्प्लेवर नुसत्या रेघा, एरर.
- ओढल्यावर आकडा मायनसमध्ये जातो.
- ओढ सोडल्यावर झिरोवर परत येत नाही, ४०-५० किलो मागे राहतात.
- सकाळी एक, दुपारी दुसरं.
- आकडा स्थिर आहे, सगळं छान दिसतंय, पण नेहमी कमी किंवा नेहमी जास्त दाखवतंय.

शेवटचं सगळ्यात वाईट. नाचणारा आकडा कोणी वहीत लिहीत नाही, पण स्थिर खोटा आकडा लोक बिनधास्त लिहून घेतात आणि त्यावर नांगराचं डिझाइन बदलतात.

आणि एक गोष्ट लक्षणात धरू नका. चालत्या नांगराचं रीडिंग वरखाली होणारच. जमीन एकसारखी नसते, मधे ढेकळं येतात, वाफसा कमीजास्त असतो, कुठे चाकाखाली दबलेला पट्टा लागतो. ८०० च्या आसपास फिरणारा आकडा मधेच ६५० आणि ९५० दाखवत असेल तर मीटर बरोबर काम करतंय. २०-३० मीटरवर खुंट्या ठोका आणि तेवढ्या अंतराची सरासरी घ्या.

हात लावायच्या आधी अजून एक. भार असताना साखळीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, ना मीटर बघायला ना मोबाइलवर व्हिडिओ काढायला. नायलॉनचा दोर वापरू नका, तो ताणला जातो आणि तुटला की मागे फटका मारतो. केबल लांब घ्या आणि इंडिकेटर बाजूला धरून चाला.

आधी फुकटातलं: सेटिंग

इंडिकेटरवर पीक होल्ड चालू आहे का बघा. तो सुरुवातीचा झटका पकडून ठेवतो आणि तोच दाखवत बसतो, मग माणूस म्हणतो मीटर जास्त दाखवतंय. उठावाचा झटका आणि चालती ओढ ही दोन वेगळी कामं आहेत.

मग युनिट. १००० किलो ओढ म्हणजे ९.८१ किलोन्यूटन आणि साधारण २२०५ पाउंड. किलो-पाउंडचा घोळ लगेच लक्षात येतो, दुप्पटच दिसतं. पण काही बाहेरच्या इंडिकेटरमध्ये डेकान्यूटन असतं आणि १ डेकान्यूटन म्हणजे १.०२ किलो, तो २ टक्क्यांचा फरक वर्षभर कोणाला सापडत नाही.

मग टेअर, म्हणजे आहे तो आकडा शून्य धरायचं बटण. साखळी ताणात असताना कोणीतरी टेअर दाबलेलं असतं. साखळी पूर्ण ढिली करा, सेल जमिनीला न टेकता हातात धरा, मग झिरो करा. आणि ओढल्यावर मायनस येत असेल तर घाबरायचं काही नाही, सिग्नलच्या दोन वायरी उलट्या लागल्यात, बहुतेक सेलमध्ये हिरवी आणि पांढरी. त्यांची अदलाबदल केली की झालं.

सेटिंग बघताना एक साधा हिशोब पण करून टाका. ओढ किलोत, वेग ताशी किलोमीटरमध्ये, गुणाकाराला २७० नं भागा, ड्रॉबारवरचे (ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या दांड्यावरचे) एचपी मिळतात. १००० किलो ओढ, वेग साडेचार, तर साधारण १६.७ एचपी. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला शेतात हे पटण्यासारखं आहे. त्याच ट्रॅक्टरला हिशोबात ४४ एचपी येत असतील तर शंका घ्या, कारण इंजिनची बरीच ताकद गिअरमध्ये, टायर स्लिप होण्यात आणि मऊ जमिनीत चाक पुढे ढकलण्यात जाते. तसंच २ टनाचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर मोकळ्या रानात २५०० किलो ओढतोय असं दिसलं तर ट्रॅक्टरचं कौतुक करू नका, मीटर तपासा. टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या वजनातूनच येते.

उलटी तक्रारही येते, "कंपनीच्या कागदावर ओढ जास्त लिहिलीय आणि तुमचं मीटर कमी दाखवतंय." अहो, ती अधिकृत चाचणी काँक्रीटच्या ट्रॅकवर होते. अमेरिकेत नेब्रास्काला १९२० पासून ट्रॅक्टरच्या चाचण्या चालू आहेत, आपल्याकडे मध्य प्रदेशात बुधनीला सरकारी संस्था आहे, तिथे ट्रॅक्टरला वजनं लावून कडक ट्रॅकवर मोजतात. तुम्ही काळ्या रानात मोजताय, तेवढी ओढ येणारच नाही.

बॅटरी

इंडिकेटरचा सप्लाय कुठून घेतलाय? ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून घेतला असेल तर तो काढा आणि यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची वेगळी बॅटरी लावा. सेल्फ मारला की ट्रॅक्टरचा व्होल्टेज एकदम खाली बसतो आणि इंडिकेटर रिसेट होतो, टेअर उडतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटरची घरघर त्याच वायरीतून आत येते. सिग्नल किती बारीक असतो ते बघा: २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल, १० व्होल्ट दिले तर पूर्ण क्षमतेला २० मिलिव्होल्ट. ५ टनाच्या सेलवर १ किलो म्हणजे ४ मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलला काहीही त्रास देतं. "इंजिन चालू केलं की नाचतो" या तक्रारीतल्या निम्म्या इथेच मिटतात.

वेगळी बॅटरी असेल तर ती मोजा. भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते, साडेअकराच्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मग बाकीचं बोला.

सुरू केल्यावर १५-२० मिनिटं गरम होऊ द्या. आणि सेल उन्हात टांगून ठेवू नका, एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला सावली असली की झिरो सरकतो. सकाळ-दुपारचा फरक बहुतेक वेळा एवढाच असतो, वरून कापड बांधा आणि दर फेरीला झिरो बघा.

जोडणी, इथे वेळ द्या

स्थिर पण कमी दाखवणाऱ्या मीटरचं मूळ मला बहुतेक वेळा इथे सापडलंय.

पहिलं, सेफ्टी साखळी. सेल तुटला तर म्हणून बाजूनं एक साखळी लावतात, चांगली सवय आहे, लावाच. पण ती ढिली लोंबायला पाहिजे. ती आखूड असेल तर थोडा भार तिच्यातून निघून जातो आणि सेलला उरलेलाच कळतो. भार असताना लांबून बघा, साखळी सरळ दिसली की समजा चोर सापडला.

दुसरं, एसच्या खाचा. सेलच्या अंगाला ज्या दोन बारीक फटी असतात तिथे काळी माती शिरते. ओल्या रानात काम झालं, मीटर तसंच पोत्यात ठेवलं, माती वाळून दगड झाली. ओढताना या फटी केसभर उघडतात, त्यात अजून माती उतरते, आणि ओढ सोडली की मिटायला जागा नसते. "झिरोवर परत येत नाही" म्हणजे सेल वाकला असं लोक धरून चालतात, पण आधी बांबूची काडी घेऊन दोन्ही फटी आरपार उजेड दिसेपर्यंत साफ करा. स्क्रूड्रायव्हर घालू नका आणि प्रेशरच्या पाण्यानं तर अजिबात धुऊ नका. गेज (ताण ओळखणाऱ्या आतल्या बारीक पट्ट्या) झाकलेलं सील तिथून जवळच असतं, ते फाटलं की पाणी आत.

तिसरं, तिरकी आणि पिळाची ओढ. एस सेल सरळ रेषेतल्या ताणासाठी बनवलेला असतो. शॅकल एका बाजूला घासतंय, पिन जाड पडून अडकतेय, किंवा पिन लहान म्हणून कोणीतरी वॉशरऐवजी नटच भरलेत, असं काही असेल तर सेल वाकवला जातो आणि आकडा भलताच येतो. वायर रोप वापरत असाल तर भार आल्यावर तो स्वतःभोवती उलगडतो आणि सेलला पीळ देतो, मधे स्वाइवेल (फिरती कडी) टाका. दोन्ही टोकांना रॉड एंड बेअरिंग मिळालं तर उत्तम, खर्च फार नाही.

चौथं, उंची. पुढच्या ट्रॅक्टरचा ड्रॉबार खाली आणि मागच्याचा पुढचा हुक वर, त्यामुळे साखळी तिरकी बसते. १० अंशाला आडव्या ओढीत दीड टक्का फरक, २० अंशाला ६ टक्के. साखळी लांब घेतली की कोन आपोआप कमी होतो. पण कोन कमी करायला म्हणून पुढच्या ट्रॅक्टरची साखळी टॉप लिंकच्या ब्रॅकेटला कधीही लावू नका. ड्रॉबारच्या वर ओढ घेतली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो, ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

केबल आणि कनेक्टर

इंडिकेटर चालू ठेवा, सेलवर काही भार नको, आणि केबल एका टोकापासून वीतभर-वीतभर हलवत जा. आकडा जिथे उडेल तिथे दोष. जास्त करून सेलमधून केबल बाहेर येते ती जागा, नाहीतर चार पिनचा गोल कनेक्टर. टायर केबलवरून गेलेला असतो, उंदरानं कुरतडलेली असते, किंवा मागच्या खेपेला कोणीतरी वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. त्या टेपमध्ये धुळीबरोबर ओल बसते आणि झिरो सरकायला लागतो, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

कनेक्टर उघडून पिना बघा. हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ब्रशनं साफ करा, पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्याच्यावर धूळ चिकटते. जोड द्यायचाच असेल तर सोल्डर करा, प्रत्येक वायरीला वेगळी हीट श्रिंक स्लीव्ह, वरून एक मोठी. शिल्डची जाळी फक्त इंडिकेटरच्या बाजूला जोडा, दोन्ही टोकांना अर्थ केली तर उलटा त्रास.

चार वायरची केबल कापून लहान केली किंवा जोडून लांबवली तर कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या वजनाशी आकडा जुळवणं) परत करावं लागतं. केबलच्या रेझिस्टन्समुळे सेलपर्यंत पोचणारा व्होल्टेज बदलतो. सहा वायरवाल्यात सेन्सच्या दोन जास्तीच्या वायरी तो फरक भरून काढतात, पण त्या सेलपर्यंत नेल्या असतील तरच.

मल्टिमीटर

एवढं करूनही दोष राहिला तर केबल इंडिकेटरपासून पूर्ण सोडवा आणि ओहमवर मोजा. रंग कंपनीगणिक बदलतात, सेलबरोबरचा कागद बघा, पण नेहमीचा प्रकार असा: लाल-काळी सप्लाय, हिरवी-पांढरी सिग्नल. ३५० ओहमच्या सेलला हिरवी-पांढरी ३५० च्या जवळ आणि लाल-काळी त्याहून थोडी जास्त, ३८० ते ४२० च्या मधे. मग लाल-हिरवी, लाल-पांढरी, काळी-हिरवी, काळी-पांढरी असे चारही आडवे मोजा, ते एकमेकांच्या अगदी जवळ हवेत. एखादाच वेगळा निघाला तर आतलं एक गेज किंवा त्याची वायर गेलीय. कुठेच काही दाखवत नसेल तर आधी केबल तुटली का ते बघा, लगेच सेलला मरण लिहू नका.

मग कुठलीही वायर आणि सेलची धातूची बॉडी यांच्यात मोजा. मीटरनं ओपन दाखवलं पाहिजे. मेगोहममध्येसुद्धा आकडा यायला लागला तर आत ओल गेलीय. इथे वायरमनचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा मोह टाळा, चांगला गेज त्यानं जळतो.

परत जोडून सप्लाय दिल्यावर मिलिव्होल्टवर सिग्नल बघा, सेल मोकळा ठेवून. १० व्होल्टच्या सप्लायला शून्याच्या आसपास ०.२-०.४ मिलिव्होल्ट इकडेतिकडे चालतं. २-३ मिलिव्होल्ट कायम दिसतायत, फटी साफ आहेत, जोडणीही मोकळी आहे, तर मात्र सेल एकदा तरी क्षमतेबाहेर ओढला गेलाय. खडकात फाळ अडकला आणि ड्रायव्हरनं क्लच झटकन सोडला की हे होतं. झिरो दाबून आकडा शून्यावर आणता येतो, सेल सरळ होत नाही.

वजन टांगून बघा

वर्कशॉपमध्ये चेन ब्लॉक असेल तर सेल उभा टांगा. सिमेंटची गोणी ५० किलोची असते पण तोलून घ्या, फाटकी गोणी ४७ भरते. चार-पाच टप्प्यांत वजन चढवा आणि तसंच उतरवा, प्रत्येक टप्प्याला लिहा. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला फरक जास्त येत असेल तर शॅकल घासतंय किंवा सेल थकलाय. सगळीकडे सारख्याच टक्क्यानं कमी येत असेल तर कॅलिब्रेशन हललंय, ते दुरुस्त करता येतं. सुरुवातीला बरोबर आणि वर जाऊन वाकडं येत असेल तर इंडिकेटरचं स्पॅन (आकड्याचं प्रमाण) बदलून ते झाकू नका.

५ टनाचा सेल ५०० किलोवर तपासून ३ टनाला बरोबर असेल असं छातीठोक सांगता येत नाही, निदान तुम्ही जेवढी ओढ मोजणार त्याच्या जवळपास तरी जा.

इथे थांबा

सेलचं सील फोडून आत बघायचं नाही. आतले गेज चिकटवायचं काम कारखान्यातलं आहे, फेविक्विकचं नाही.

बॉडीला चीर दिसली, आटे ताणलेले दिसले, किंवा सेल जागेवर असतानाच कोणीतरी ड्रॉबारला वेल्डिंग मारलंय असं कळलं, तर तो सेल परत भाराखाली लावू नका. वेल्डिंगचा करंट सेलमधून गेला की गेज आतून जातात. चीर पडलेला सेल तुटला तर काय होईल ते वर साखळीच्या रेषेबद्दल लिहिलंय.

इंडिकेटरवर संशय असेल तर वजनकाटा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, त्याच्याकडे सिम्युलेटर (सेलसारखा सिग्नल देणारं यंत्र) असतो, पाच मिनिटांत दोष सेलचा की इंडिकेटरचा ते कळतं. आणि रीडिंग थिसिसमध्ये, टेस्ट रिपोर्टमध्ये किंवा अवजाराच्या जाहिरातीत जाणार असेल तर गोण्यांवर भागवू नका, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेशन करून सर्टिफिकेट घ्या.

पाठवताना नुसता सेल काढून पाठवू नका, इंडिकेटर बरोबर द्या, कारण कॅलिब्रेशन दोघांचं मिळून असतं. केबल कापू नका, गुंडाळून द्या. आणि चिठ्ठीवर "चालत नाही" एवढंच न लिहिता कुठलं लक्षण, कधी येतं, मल्टिमीटरवर कुठल्या वायरींना काय आलं ते लिहा, म्हणजे दुरुस्तीवाला पहिल्यापासून सुरू करणार नाही आणि बिलही तेवढंच कमी येईल.